शिरोभिघातानंतरचे पुनर्वसन : चौथा पाद निखळतो तेव्हा

मूर्तिजापूर तालुक्यातील एक कोरडवाहू शेतकरी, वय ३४ वर्षे. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील येथे बदलले आहेत. सोयाबीनची सोंगणी आटोपून सायंकाळी तो मोटारसायकलने घरी परतत असता अचानक रोही आडवा आला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. उजव्या कानशिलावर मार बसून तो जागीच बेशुद्ध झाला. वेळेत शस्त्रक्रिया झाली, अकरा दिवसांनी डोळे उघडले, सहाव्या आठवड्यात तो स्वतःच्या पायांनी घरी आला. गावाने नारळ फोडला. नातलगांनी ‘वाचला’ म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला.

त्यानंतर तीन महिन्यांनी त्याची पत्नी प्रस्तुत लेखकाच्या चिकित्सालयात आली. सोबत रुग्ण नव्हता. हलक्या आवाजात ती म्हणाली, “डाक्टरसाहेब, दवाखान्यातून पोराचे बाबा वापस त आले, पन सोभाव कोन्या दुसऱ्याचा घेऊन आले.” पूर्वी कधी आवाज न चढविणारा हा माणूस आता ताटातील भाजीवरून ताट भिरकावीत होता. सकाळी सांगितलेले दुपारी विसरत होता. एकदा चूल पेटवून तो तसाच निघून गेला होता. शेतावर गेला की धुऱ्यावर बसून राही, काम सुरू कोठून करावे हेच त्याला सुचेना. घरच्यांचे निदान ठरले होते : आळस, दारूची सुरुवात किंवा बाहेरची बाधा. त्याला आजार आहे, असे मात्र कोणीच म्हणत नव्हते. कारण जखम भरली होती, केस वाढले होते, आणि माणूस चालत होता.

आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयात असा रुग्ण कधी ना कधी येतो. शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होते, परंतु त्यानंतरची दोन-तीन वर्षे तो आपल्याच गावात काढतो. त्या काळात त्याच्या सर्वांत जवळचा चिकित्सक पुष्कळदा वैद्यच असतो. त्या वैद्याने काय करावे, आणि काय मुळीच करू नये, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

रुग्णाचे चार गुण

चिकित्सेचे चतुष्पाद आपण पहिल्या वर्षापासून पाठ केलेले असतात : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. चरकाचार्यांनी प्रत्येक पादाचे चार गुण सांगितले आहेत. त्यांपैकी रोग्याचे गुण म्हणजे स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. रुग्णाला आठवण असावी, सांगितलेले त्याने पाळावे, त्याने धीर सोडू नये, आणि आपल्याला काय होते हे त्याला सांगता यावे.

आता या चार गुणांची यादी हाती घेऊन शिरोभिघाताच्या रुग्णाकडे पाहावे. स्मृती तर गेलेलीच असते. सूचना ऐकून त्याप्रमाणे वागण्यासाठी लागणारे अवधान व संयम क्षीण झालेले असतात, म्हणून निर्देशकारित्व राहत नाही. भय, चिडचिड व निराशा यांनी अभीरुत्व जाते. आणि सर्वांत घातक म्हणजे ज्ञापकत्व जाते : पुष्कळ रुग्णांना आपल्यात काही बदल झाला आहे, हेच उमगत नाही. “मला काही झालेले नाही” हे त्यांचे म्हणणे खोटेपणाचे नसते. स्वतःकडे पाहण्याची जी शक्ती लागते, तिलाच मार बसलेला असतो.

ज्वर, अतिसार, संधिवात इत्यादी व्याधींत चौथा पाद दुबळा झाला तरी उभा असतो. शिरोभिघातात तो मुळापासून निखळतो. त्यामुळे उरलेल्या तीन पादांवर, विशेषतः उपस्थात्यावर, सारा भार येऊन पडतो. उपस्थात्याचे गुण म्हणून शास्त्राने उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे सांगितले आहेत. आपल्या घरांत अनुराग भरपूर असतो. उपचारज्ञता मात्र कोणी शिकविल्याशिवाय येत नाही, आणि ती शिकविणे हे वैद्याचे काम होय.

पाली ‘महावग्ग’ ग्रंथात जीवकाची एक कथा आहे. राजगृहातील एका श्रेष्ठीचे कपाल उघडून त्याने शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रियेपूर्वी त्याने श्रेष्ठीकडून वचन घेतले होते, की तो सात महिने एका कुशीवर, सात महिने दुसऱ्या कुशीवर आणि सात महिने पाठीवर पडून राहील. श्रेष्ठीला प्रत्येक स्थितीत जेमतेम सातच दिवस निघाले, आणि एकवीस दिवसांत तो बरा झाला. तेव्हा जीवकाने खुलासा केला, की सात महिने सांगितले नसते तर सात दिवसही तो पडून राहिला नसता. रोग्यातील निर्देशकारित्वाची उणीव वैद्याने आपल्या युक्तीने भरून काढावयाची असते, एवढा बोध या कथेतून घेता येतो.

शास्त्रकारांचे निरीक्षण

सिद्धिस्थानाच्या नवव्या, त्रिमर्मीय अध्यायात चरकाचार्यांनी हृदय, बस्ती व शिर या तीन मर्मांचा विचार केला आहे. शिरावर आघात झाला असता मन्यास्तंभ, अर्दित, चक्षुविभ्रम, मोह, चेष्टानाश, हनुग्रह, मूकत्व, गद्गद वाणी, पापण्या मिटणे, लालास्राव, स्वरहानी अशी लक्षणे ते सांगतात. आजच्या अतिदक्षता कक्षातील टिपणाशी ही यादी ताडून पाहावी. फारसा फरक आढळणार नाही. याच यादीत कास व श्वास यांचाही उल्लेख आहे. डोक्याला मार लागलेल्या रुग्णास खोकला व दम का लागावा, असा प्रश्न विद्यार्थिदशेत अनेकांना पडतो. गिळण्याची क्रिया बिघडून अन्नपाणी श्वासमार्गात जाणाऱ्या रुग्णाची शुश्रूषा केलेल्यास तो प्रश्न पुन्हा पडत नाही.

सुश्रुताचार्यांनी १०७ मर्मांपैकी ३७ जत्रूर्ध्व भागात सांगितली आहेत. अधिपतीवरील आघात सद्यःप्राणहर आहे. विधुर मर्माच्या आघाताने बाधिर्य, फणाच्या आघाताने गंधज्ञान जाणे, अपांग व आवर्त यांच्या आघाताने दृष्टीची हानी होते. कवटीच्या सांध्यांवरील सीमंत मर्मांच्या आघाताने उन्माद, भय व चित्तनाश होऊन मृत्यू ओढवतो, असे ते सांगतात. म्हणजे शिराच्या आघातानंतर मन बिघडते, ही गोष्ट आपल्या शास्त्राला नवी नाही. शरीराच्या जखमेतून मनाचा विकार उद्भवतो, हे सुश्रुताने शारीरस्थानातच नोंदविले आहे. गावातील लोक त्याला बाहेरची बाधा म्हणतात, तेव्हा त्यांना हे शास्त्रवचन समजावून सांगण्याचा अधिकार आपल्याइतका दुसऱ्या कोणाला असेल?

आपली मर्यादा : पहिले तास, पहिले आठवडे

आघातानंतरच्या पहिल्या अवस्थेत वैद्याचे कर्तव्य एकच : रुग्णास सुरक्षितपणे व त्वरेने मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचविणे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे. मान न वळविता, शक्यतो फळीवर, रुग्णास उचलावे. तोंडात पाणी, मध, चहा, औषध काहीही घालू नये. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल या भीतीने मदत टाळणाऱ्यांना सांगावे, की सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्णयाने व पुढे २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात घातलेल्या कलम १३४-अ ने अशा मदतकर्त्यास संरक्षण दिले आहे.

बेशुद्धीची खोली मोजण्यासाठी ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट यांनी १९७४ साली जी मोजपट्टी दिली, ती प्रत्येक वैद्याच्या टेबलावर असावी. डोळे उघडणे ४, बोलणे ५, हालचाल ६ असे एकूण १५ गुण, किमान ३. तेरा ते पंधरा म्हणजे सौम्य, नऊ ते बारा मध्यम, आठ वा त्याखाली तीव्र आघात. रुग्णालयातून परतलेल्या रुग्णाच्या कागदपत्रांत हा आकडा प्रथम शोधावा. पुढील वाटचालीचा काहीसा अंदाज त्यावरून बांधता येतो.

येथे स्वतःच्या एका चुकीची नोंद करणे लेखकास आवश्यक वाटते. सत्तरीच्या पुढील एक आजी ओसरीच्या पायरीवरून घसरल्या होत्या. जखम नव्हती, त्या लगेच उठून बसल्या होत्या. तीन आठवड्यांनी डोके जड होणे, दिवसा झोप येणे, एक पाय ओढत चालणे अशा तक्रारींसाठी त्यांना आणले. वयपरत्वे वाढलेला वात असे समजून मी आठ दिवस वातशामक उपचार केले. पडल्याची हकीकत घरच्यांनी सांगितली होती. तिचे महत्त्व मला कळले नाही. त्यांच्या भाच्याने आग्रहाने सीटी स्कॅन करविले, तेव्हा मेंदूच्या आवरणाखाली जुने रक्त साचलेले आढळले. कवटीला छिद्र पाडून ते काढले आणि आजी बऱ्या झाल्या. त्यात माझे श्रेय काहीच नव्हते. वृद्धांत, मद्यपींत व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत किरकोळ मारानंतरही आठवड्यांनी असे होऊ शकते. तेव्हापासून नव्या शिरःशूलाच्या किंवा नव्या विस्मरणाच्या प्रत्येक वृद्ध रुग्णास “गेल्या तीन महिन्यांत पडलात का?” हा प्रश्न मी चुकवीत नाही.

वाढती डोकेदुखी, वारंवार वांती, वाढती झोपाळूपणा, एका बाजूची कमजोरी, बाहुल्यांचा आकार असमान होणे, झटका येणे, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास औषध लिहिण्यापूर्वी रुग्णास संदर्भ सेवेकडे धाडावे.

घरी आलेला रुग्ण

पूर्ण शुद्ध न आलेला वा अंथरुणाला खिळलेला रुग्ण घरी येतो, तेव्हा प्रारंभीची कामे साधी पण अखंड असतात. दर दोन तासांनी कूस बदलणे. टाचा, माकडहाड व खुबा यांची त्वचा रोज पाहणे. सांधे आखडू नयेत म्हणून दिवसातून तीन-चार वेळा प्रत्येक सांध्याची हळुवार हालचाल. पाऊल खाली लोंबू नये म्हणून तळव्यास आधार. मूत्रनलिका असल्यास शौच हा उपस्थात्याचा गुण येथे अक्षरशः प्राणरक्षक ठरतो.

भोजनाच्या बाबतीत सर्वाधिक अपघात होतात. प्रेमापोटी नातलग निजलेल्या रुग्णाच्या तोंडात दूध, काढा वा पाणी घालतात. पातळ पदार्थच अशा रुग्णास सर्वाधिक ठसका लावतात. रुग्णास सरळ बसवावे, हनुवटी किंचित खाली ठेवावी, लहान चमच्याने दाटसर पेज, मऊ खिचडी वा कुस्करलेले केळे द्यावे, एक घास पूर्ण गिळल्याची खात्री करूनच दुसरा द्यावा. भोजनानंतर अर्धा तास आडवे करू नये. ठसका लागला, आवाज ओला येऊ लागला किंवा ताप आला, तर तोंडाने देणे थांबवून तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. आपली कषाय कल्पना कितीही उत्तम असली तरी ती फुप्फुसात गेल्यास विषच होय.

शुद्ध परत येण्याच्याही पायऱ्या आहेत. अमेरिकेतील रँचो लॉस अमिगोस रुग्णालयाने मुळात अशा आठ पायऱ्या वर्णिल्या. त्यांतील चौथी पायरी म्हणजे रुग्ण गोंधळलेला व क्षुब्ध असणे : तो नळ्या ओढतो, शिव्या देतो, मारावयास धावतो. नातलगांना वाटते की आजार वाढला. वास्तविक ही पुष्कळदा सुधारणेच्या वाटेवरील पायरी असते. या काळात भेटीला येणाऱ्यांची गर्दी, दूरदर्शनचा आवाज आणि एकाच वेळी चार जणांनी बोलणे टाळावे. एका वेळी एकाच व्यक्तीने, समोर बसून, लहान वाक्यांत बोलावे. “ओळख पाहू मी कोण?” अशी परीक्षा घेऊ नये. “मी तुझी मावशी, आज मंगळवार, आपण अकोल्याच्या घरी आहोत” असे स्वतः सांगावे. खोलीत उजेड, मोठे घड्याळ आणि भिंतीवर दिनदर्शिका असावी.

उपक्रमांचे तारतम्य

संप्राप्तीच्या दृष्टीने येथे अभिघाताने कुपित झालेला वायू प्रधान असतो, त्यास रक्ताचा अनुबंध असतो, आणि दीर्घ शय्यावासाने अग्निमांद्य व बलक्षय होतो. चरकाने शिराच्या वातज उपसर्गात अभ्यंग, स्वेद, उपनाह, स्नेहपान, नस्य इत्यादी उपक्रम सांगितले आहेत. परंतु ते कोणत्या अवस्थेत योजावेत, हा प्रश्न वैद्याच्या तारतम्याचा आहे.

काही निषेध निरपवाद मानावेत. कवटीच्या तळाचा अस्थिभंग झालेल्या रुग्णाच्या नाकातून मस्तिष्कद्रव झरत असेल किंवा झरल्याचा इतिहास असेल, तर शल्यतज्ज्ञाच्या स्पष्ट अनुमतीविना नस्य देऊ नये. त्या मार्गाने जंतुसंसर्ग थेट मस्तिष्कावरणापर्यंत पोहोचू शकतो. दाब कमी करण्यासाठी कवटीचा तुकडा काढून ठेवलेला असल्यास त्या भागावर शिरोबस्ती, शिरोधारा, मर्दन वा उशीचा दाब, काहीही नको. झटके अनियंत्रित असताना स्वेदन वा तीव्र शोधन करू नये. संवेदना गेलेल्या अंगावर शेक देताना भाजण्याचा धोका असतो, म्हणून पोटलीची उष्णता आधी स्वतःच्या मनगटावर पाहावी.

स्थिर अवस्थेत, जखमा भरल्यावर, सर्वांगास मृदू अभ्यंग व मृदू स्वेद, त्यापाठोपाठ व्यायामोपचार, हा क्रम उपयुक्त वाटतो. ताठलेला हात तेलाने मोकळा झाल्यावर लगेच त्याच्याकडून काम करवून घेतले, तरच त्या मोकळेपणाचा लाभ होतो. मलावष्टंभ या रुग्णांत सार्वत्रिक आढळतो. तेथे आहार, पुरेसे पाणी व बल पाहून मात्राबस्ती यांचा विचार करता येतो.

मेध्य रसायनांत चरकाने मंडूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची व शंखपुष्पी ही चार सांगितली आहेत. त्यांच्याविषयी आपल्याला श्रद्धा आहे. तथापि शिरोभिघाताच्या रुग्णांवरील त्यांच्या परिणामाचा मोठा, काटेकोर अभ्यास आपण अद्याप उभा केलेला नाही, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. आधुनिक शास्त्रालाही या क्षेत्रात नम्र व्हावे लागले आहे. सूज उतरावी म्हणून वर्षानुवर्षे दिल्या गेलेल्या स्टिरॉइडने मृत्यू वाढतात, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत आढळले. आपल्याकडे सर्रास लिहिले जाणारे सिटिकोलीन १,२१३ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत २०१२ साली निष्प्रभ ठरले. तेव्हा “या औषधाने मेंदू पूर्ववत होतो” असे आश्वासन कोणत्याही पॅथीच्या चिकित्सकाने देऊ नये.

एका बाबतीत मात्र विशेष दक्षता हवी. अनेक रुग्ण झटके टाळण्यासाठी फेनिटॉइन घेत असतात. शंखपुष्पीयुक्त कल्पासोबत फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णांत झटक्यांवरील नियंत्रण सुटल्याचे आढळल्यावर मुंबईतील संशोधकांनी प्राण्यांवर अभ्यास केला. तो कल्प सतत दिल्यास रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण घटते, असा निष्कर्ष त्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केला. याउलट मिरी व पिंपळीतील पायपरीनमुळे ते प्रमाण वाढू शकते. म्हणजे आपले एक निरुपद्रवी वाटणारे सरबत झटका आणू शकते आणि दुसरे चूर्ण विषबाधेची लक्षणे दाखवू शकते. रुग्णाच्या चालू गोळ्यांची यादी पाहिल्याशिवाय मेध्य कल्प लिहू नये, आणि झटक्यांची गोळी आपल्या अधिकारात कधीही बंद करू नये.

शील, चेष्टा, आचार

उन्मादाच्या निदानात चरकाने आठ विभ्रम सांगितले आहेत : मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार. शिरोभिघाताच्या रुग्णास उन्मादी ठरविण्यासाठी नव्हे, तर त्याच्यातील बदल नोंदविण्यासाठी ही आठ पदे अत्यंत सोयीची आहेत. मी कागदावर आठ ओळी आखतो आणि पत्नीला वा आईला प्रत्येकीविषयी विचारतो : अपघातापूर्वी कसे होते, आता कसे आहे? भक्ती म्हणजे आवडीनिवडी. पूर्वी भजनात रमणारा आता तेथे बसत नाही का? शील म्हणजे स्वभाव. आचार म्हणजे चारचौघांतील वागणूक. दर महिन्याला हाच कागद पुन्हा भरला, की सुधारणा डोळ्यांना दिसते, आणि घरच्यांनाही प्रथमच कळते की हा आजार आहे.

मेंदूवरील आघाताने स्वभाव बदलतो याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील फिनिआस गेज या रेल्वे मुकादमाचे. १३ सप्टेंबर १८४८ रोजी सुरुंगाच्या स्फोटाने एक मीटरहून लांब लोखंडी कांब त्याच्या गालातून शिरून कवटीच्या माथ्यातून बाहेर पडली. तो वाचला, पण हा पूर्वीचा गेज उरला नाही, असे त्याचे मित्र म्हणू लागले. मूर्तिजापूरच्या त्या माउलीचे म्हणणे याहून वेगळे नव्हते. या कथेचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. पुढे गेज चिली देशात गेला आणि तेथे काही वर्षे त्याने घोडागाडी हाकण्याचे काम केले. ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, ठरलेली कामे यांनी त्याचे आयुष्य बरेच सावरले असावे, असे अभ्यासक मानतात. १८६० साली झटके येऊन त्याचा अंत झाला.

आपल्याकडील एक उदाहरण अनेकांच्या स्मरणात असेल. १७ मार्च १९६२ रोजी बार्बाडोस येथे भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू आदळला. सुमारे सहा दिवस ते बेशुद्ध होते. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांच्यासह चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनी रक्त दिले. कवटीत धातूची पट्टी बसविण्यात आली. ती २०२२ साली मुंबईत काढली. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले, कसोटी सामना मात्र त्यांना पुन्हा कधीच मिळाला नाही. उत्तम सुधारणा म्हणजे पूर्वीचे सर्व काही परत मिळणे असे नाही, हे नातलगांना सांगण्यासाठी हे उदाहरण उपयोगी पडते.

सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत सर्वाधिक असतो. नंतर तो मंदावतो, तथापि दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेही प्रगती होत राहते. मेंदूचा निरोगी भाग पुनःपुन्हा केलेल्या कामातून नव्या वाटा घडवितो. म्हणून सत्त्वावजयाचे येथील रूप म्हणजे उपदेश नव्हे. आखलेली दिनचर्या होय. रोज त्याच वेळी उठणे, त्याच क्रमाने प्रातर्विधी, कामांचे छोटे तुकडे आणि प्रत्येक तुकड्यानंतर विश्रांती. विसरणाऱ्यास “आठव” म्हणून काही आठवत नाही. खिशात वही व त्यात दिवसाची यादी दिली, तर त्याला आधार मिळतो. चूक करू देऊन मग सुधारण्यापेक्षा प्रथमपासून बरोबर कृती हातास हात लावून करवून घ्यावी.

घर, काम आणि गाव

त्या शेतकऱ्याकडे परत येऊ. आठ ओळींचा कागद भरल्यावर प्रथम त्याच्या पत्नीस, मग वृद्ध आई-वडिलांस समोर बसवून आजार समजावला. मानसोपचारतज्ज्ञाचाही सल्ला घेतला. मद्य पूर्ण बंद केले. जखमी मेंदूला ते सोसत नाही आणि झटक्यांना आमंत्रण देते. मोटारसायकल, विहिरीचा काठ, झाडावर चढणे, फवारणी व चुलीजवळ एकट्याने बसणे या पाच गोष्टी तज्ज्ञाच्या अनुमतीपर्यंत वर्ज्य ठरविल्या. बोटांच्या कामासाठी महागडे साधन आणले नाही. घरच्या कापसातील सरकी वेगळी करणे, वाती वळणे, तूर निवडणे ही कामे आजीने त्याच्यासोबत बसून करविली. तोल सावरण्यासाठी पहाटे वडिलांचा हात धरून धुऱ्यावरून चालणे सुरू झाले. राग चढू लागला की ओसरीवर जाऊन बसायचे आणि त्या वेळी कोणी काही बोलायचे नाही, असा घराचा नियम झाला.

दीड वर्षानंतर तो भावासोबत शेती करू लागला. हिशेब अजूनही पत्नीच पाहते. राग येतो, पण ताट भिरकावणे थांबले आहे. पूर्वीचा माणूस संपूर्ण परत आला, असे म्हणता येणार नाही. “आता वळख लागते,” असे ती म्हणाली, आणि एवढे यश मला पुरेसे वाटते.

या साऱ्यात सर्वाधिक झिजली ती उपस्थाता. सहा महिने तिने सलग चार तास झोप घेतली नव्हती, हे मी विचारल्यावर कळले. रुग्णाच्या प्रत्येक भेटीत शुश्रूषा करणाऱ्याचीही नाडी पाहावी, त्याची झोप व भूक विचारावी, आणि आठवड्यातून एक दिवस दुसऱ्या नातलगाने जबाबदारी घ्यावी, असे चिठ्ठीवर औषधाइतक्याच स्पष्ट अक्षरांत लिहावे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी मुंबईसारख्या शहरात धर्मशाळा उभारल्या, तेव्हा रुग्णासोबत आलेल्या माणसालाही आसरा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

पुनर्वसन हा शब्दही या भूमीला परका नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावतीजवळ तपोवन उभे केले, ते कुष्ठरुग्णांना औषधासोबत काम व मान मिळावा म्हणून. समाजाने टाकलेल्या माणसास त्याच्या सामर्थ्याइतके काम देऊन पुन्हा उभे करता येते, हे वऱ्हाडाने पाहिले आहे. शिरोभिघाताच्या रुग्णास समाज उघडपणे टाकीत नाही. त्याला आळशी, तापट, वेडा म्हणून बाजूला सारतो.

शासकीय मदतीचीही माहिती वैद्यास असावी. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचा आरंभ ज्या आठ जिल्ह्यांत झाला, त्यांत अमरावती होता. तीच योजना पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावे चालू झाली. तिचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. घरी आल्यानंतरच्या दीर्घ काळासाठी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आधार घ्यावा लागतो. त्यातील २१ प्रकारांत शिरोभिघात स्वतंत्रपणे नोंदलेला नाही; त्यामुळे अवयवांची दुर्बलता, वाणीदोष, दृष्टिदोष वा मानसिक विकार यांपैकी जे लागू असेल त्याखाली तपासणी करून घ्यावी लागते. चालता येते म्हणून दिव्यांगत्व नाही, असे समजून घरचे अर्जच करीत नाहीत. त्यांना तपासणीस पाठविणे एवढे तरी आपण करू शकतो.

उपसंहार

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकला गेला आणि त्याची गिनेस विक्रमात नोंद झाली. रस्ते चांगले झाले, वाहनांचा वेगही वाढला. त्याच २०२२ सालच्या केंद्रीय अहवालानुसार देशात दुचाकीवरील ७४,८९७ जण रस्त्यावर मृत्युमुखी पडले, आणि हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेले होते. वाचून घरी आलेल्यांची मोजदाद या आकड्यांत नाही. ते आपल्या गावांत, ओसरीवर बसलेले आहेत.

म्हणून वैद्यबंधू-भगिनींस विनंती, की आपल्या परिसरातील अशा रुग्णांची प्रत्येकाने निदान एक यादी करावी, आठ विभ्रमांचा कागद भरावा आणि त्यांच्या घरच्यांना एकदा समोर बसवून आजार समजावून सांगावा. औषधापूर्वी करावयाचे हे काम आहे, त्याला खर्च येत नाही, आणि ते दुसरे कोणी करीत नाही. चिकित्सालयात दुचाकीने येणाऱ्या प्रत्येकास, मग तो कोणत्याही व्याधीसाठी आलेला असो, हेल्मेटविषयी विचारावे. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी होय, आणि या व्याधीचे निदान कोणते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे.